वाट चुकलेलं दूध

खोलीत अंधार होता आणि पडद्यावर माझ्या मुलीचा गळा दिसत होता. अंगावर शिशाचा जड एप्रन घालून मी तिच्या शेजारी उभी होते. रेवाला एका छोट्या तिरक्या खुर्चीत बसवलं होतं आणि तिच्या तोंडाशी मी बाटली धरली होती. दुधात बेरियम मिसळलं होतं. बेरियम म्हणजे एक्स-रेमध्ये ठळक उठून दिसणारी पावडर. तिच्यामुळे दूध कुठून कुठे जातं ते पडद्यावर काळ्या रेघेसारखं दिसतं. या तपासणीला व्हिडिओफ्लुओरोस्कोपी म्हणतात. बाळ गिळतं कसं, याचा हलता एक्स-रे.

रेघ जिभेवरून मागे सरकली. गळ्यापाशी जरा थांबली. मग तिला दोन फाटे फुटले. जाड फाटा मागच्या बाजूने खाली गेला आणि एक बारीकसा पुढच्या बाजूने.

"बस. बॉटल निकाल लीजिए," डॉक्टर म्हणाल्या.

रेवाला ठसका लागला नव्हता. ती रडलीही नाही. दूध शिल्लक असताना बाटली का काढली, म्हणून तिने फक्त ओठ हलवले.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला आणि माझ्या नवऱ्याला, अमोलला, समोर बसवलं. त्या म्हणाल्या, "याला सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतात." ॲस्पिरेशन म्हणजे दूध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत, तिथून फुफ्फुसात जाणं. सायलेंट म्हणजे गुपचूप. आपल्याला पाणी चुकीच्या नळीत गेलं की लगेच ठसका लागतो. रेवाच्या शरीराला ते कळतच नव्हतं.

"आज से मुँह से कुछ नहीं," त्या म्हणाल्या. "एक चम्मच भी नहीं."

"कितने दिन?" अमोलने विचारलं.

"अभी नहीं बता सकती."

तेव्हा रेवा तीन महिन्यांची होती. तिचं तोंड माझ्या कुर्त्यावर काहीतरी शोधत होतं.

मी डॉक्टर नाही. केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी करते, दिल्लीत मयूर विहारच्या एका सोसायटीत राहते. हे लिहिते आहे ते अशा आईबापांसाठी, जे आत्ता कुठल्यातरी दुकानात किंवा मोबाइलवर बाळासाठी चौथी, पाचवी बाटली शोधत असतील आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं समजत असतील. मीही तशीच शोधत होते.

रेवा व्हायच्या आधी बाटली निवडणं ही मला मजेची गोष्ट वाटली होती. नोएडाच्या एका मॉलमध्ये मी आणि अमोलने अख्खी दुपार घालवली. काचेची की प्लॅस्टिकची, उभ्या मानेची की वाकड्या, पोटात गॅस न होऊ देणारी कुठली. दूध काढायचा पंप हाताचा की विजेचा. बाटल्या वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र. अमोल सगळ्याचे रिव्ह्यू वाचून दाखवायचा. "यार, आपल्या लग्नाची खरेदी इतक्या अभ्यासाने नव्हती केली," म्हणाला.

माझी आई काही वर्षांपूर्वी गेली. सासूबाईंना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही. त्यामुळे बाळंतपणाला माझे बाबा अकोल्याहून आले. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालेले. काकूने दिलेले डिंकाचे लाडू आणि रुमालात बांधलेलं एक चांदीचं बोंडलं घेऊन ते आले. बोंडलं म्हणजे तान्ह्या बाळाला दूध पाजायची चोच असलेली वाटी. मी त्यातूनच प्यायले होते.

बाटल्यांच्या निपलांवर स्लो फ्लो, मीडियम फ्लो असं लिहिलेलं वाचून ते हसले. "हे तर आमच्या नळजोडण्यांसारखंच झालं."

बाळंतपण सरळ झालं नाही. शेवटच्या टप्प्यात बाळाच्या हृदयाचे ठोके उतरले, घाईने सिझेरियन करावं लागलं. रेवा जन्मली तेव्हा तिचं रडणं ऐकू यायला वेळ लागला. बर्थ ॲस्फिक्सिया, असं कागदावर होतं. म्हणजे जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणं. काही दिवस तिला एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ठेवलं. मग ती घरी आली. "वाढीवर लक्ष ठेवा, तपासणीला येत राहा," असं सांगितलं गेलं. आम्ही ते ऐकलं, पण त्यातला "लक्ष ठेवा" हा भाग किती मोठा आहे ते आम्हाला समजलं नाही. बाळ घरी आलं होतं, हेच खूप होतं.

ती अंगावर नीट ओढायची नाही. दोन घोट घेतले की दमायची. कपाळावर घाम यायचा. ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळायचं. एकेक वेळचं पाजणं इतकं लांबायचं, की ते संपेपर्यंत पुढची वेळ झालेली असायची. मग मी दूध काढून बाटलीने द्यायला लागले. एका बाटलीने जमेना म्हणून दुसरी आणली. निपल मऊ असावं म्हणून तिसरी. व्हॉट्सॲपवरच्या आयांच्या ग्रुपवर कुणीतरी सांगितलं म्हणून जपानी बनावटीची एक मागवली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बाटल्यांची रांग लागली होती आणि रेवाचं वजन हलत नव्हतं.

शेवटी बाबांनी बोंडलं काढलं. मांडीवर घ्यायचे, मान हाताच्या कोपरात, आणि थेंब थेंब सोडायचे. बोंडल्याने दूध आत जायचं. रेवा शांत पडून राहायची. "बघ, पिते की नाही," बाबा म्हणायचे. त्या दिवसांत घरात जरा हसणं होतं.

पिऊन झाल्यावर तिच्या छातीतून घरघर यायची. हुक्क्यात पाणी वाजावं तशी. पण दिवाळी नुकतीच झाली होती, खिडकीबाहेर समोरची इमारत धुरात दिसत नव्हती. सोसायटीत सगळीच मुलं खोकत होती. आमच्या बालरोगतज्ज्ञांनाही पहिल्यांदा हवेचाच संशय आला. आम्ही हवा शुद्ध करायचं यंत्र आणलं. खिडक्यांच्या फटी टेपने बुजवल्या.

मग न्यूमोनिया झाला. रुग्णालयात राहून बरी होऊन आलो, आणि पुन्हा झाला. दुसऱ्या वेळी वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीण बाई रेवाला दूध पाजताना जवळ उभ्या राहिल्या. त्यांनी तिच्या गळ्याला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. "इसका स्वॉलो टेस्ट करवाते हैं," म्हणाल्या. असं आम्ही त्या अंधाऱ्या खोलीपर्यंत पोचलो.

तपासणीचा अर्थ अमोलने बाबांना वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून सांगितला. मी जवळच होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मी पाजत होतो ते..."

त्या दिवसानंतर त्यांनी रेवाला मांडीवर घेणं बंद केलं. तिचे कपडे धुवायचे, औषधं आणायचे, माझ्यासाठी गरम भाकरी करायचे. तिच्याशी दारातून बोलायचे. घे म्हटलं की "हात गार आहेत माझे" असं काहीतरी सांगायचे.

रेवाच्या नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घातली गेली. तिला राइल्स ट्यूब म्हणतात. गालावर टेपने चिकटवलेली असते. तिच्या टोकाला सुईशिवायची मोठी सिरिंज लावायची, तिच्यात दूध ओतायचं, सिरिंज वर धरायची. दूध आपोआप उतरतं. मी पंपाने दूध काढत होते, तेच त्यातून जायचं. "माँ का दूध ही जा रहा है, रास्ता अलग है बस," नर्स म्हणायच्या. खरं होतं ते. पण ती भुकेने रडायला लागली की मला पान्हा फुटायचा, कुर्ता भिजायचा, आणि मला तिला छातीपासून लांब धरावं लागायचं, कारण वासाने ती शोधायला लागायची. या दिवसांबद्दल मला आजही नीट लिहिता येत नाही.

एमआरआयमध्ये मेंदूच्या काही भागाला इजा झाल्याचं दिसलं. गिळण्याचे स्नायू हलवणारा भाग त्यात होता. "बाटली कुठलीही आणली असती तरी हेच झालं असतं," न्यूरॉलॉजीचे डॉक्टर म्हणाले. "प्रॉब्लेम बॉटल में नहीं है." हे वाक्य कुणी महिनाभर आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, तेव्हा मी ते ऐकून घेतलं नसतं.

नाकातली नळी थोड्या काळापुरती असते. तिची गरज लांबणार असेल तर पोटावर एक छोटं छिद्र करून थेट जठरात नळी बसवतात. त्याला गॅस्ट्रोस्टॉमी म्हणतात. डॉक्टरांनी ते सुचवलं तेव्हा मी नको म्हटलं. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "पोटाला भोक पाडून जेवण? मग तोंड कशाला दिलंय तिला?"

"बाबा, कायमचं नसेल कदाचित."

"मग थांबू की. शिकेल ती. तू उशिरा चालायला लागलीस, शिकलीस ना?"

मला हेच ऐकायचं होतं. आम्ही थांबलो.

रेवा नळी ओढून काढायची. तिचा दोष नव्हता, नाकात काही असेल तर आपणही काढू. दर वेळी ती परत घालावी लागायची. ती कशी घालायची, पोटातच गेली आहे याची खात्री कशी करायची, हे मला रुग्णालयात शिकवलं होतं. अमोल तिचे हात धरायचा, मी नळी सरकवायचे. तिचा चेहरा लाल व्हायचा. टेपखालची कातडी सोलून निघाली होती. गालांवर कायम दोन ओले डाग असायचे.

एके दिवशी सकाळी मी तिच्या कपाळावरचे केस मागे करायला हात नेला. तिने डोळे गच्च मिटले, मान फिरवली आणि किंचाळली. हातात काही नव्हतं माझ्या. मी वाकून पापी घ्यायला गेले तरी तेच.

गिळण्यावर काम करणाऱ्या थेरपिस्टना मी हे सांगितलं. त्या रेवाकडे बघत राहिल्या. "चेहऱ्याजवळ जे येतं ते दुखवतं, असं ती शिकतेय. अब वो आपके हाथ से डरती है," त्या सांभाळून म्हणाल्या. "नळी पोटावर गेली तर तोंड मोकळं होईल. मग तोंडाशी चांगलं काहीतरी होऊ शकतं, हे आपण तिला परत शिकवू."

मी आणि अमोल गाडीत बसून राहिलो. पार्किंगवाला काचेवर टकटक करून गेला. "करून टाकू या," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि स्टीअरिंगवर डोकं ठेवलं. मी पहिल्यांदाच त्याला रडताना बघत होते. नोएडाहून ऑफिस करून रोज रात्री वॉर्डात येणारा, बिलांच्या आणि इन्शुरन्सच्या रांगेत उभा राहणारा, "हो जाएगा" म्हणणारा माणूस. तू कसा आहेस, हे त्याला आतापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी घरच्यांना भेटायला बोलावलं. बाबांना आम्ही आग्रह केला नव्हता, तरी ते कपडे करून तयार होते. डॉक्टरांनी चित्र काढून सगळं समजावलं. दुर्बिणीने करतात, फार मोठी चीर नसते, भूल द्यावी लागते, जंतुसंसर्गाचा धोका असतो. काही विचारायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. आम्ही दोघं नाही म्हणालो.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या हिंदीत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक बात पूछनी थी. मैंने उसको चांदी के बर्तन से दूध पिलाया. बहुत दिन. निमोनिया मेरे हाथ से हुआ क्या?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"अंकल, बॉटल से भी वही होता. माँ के पास भी वही हो रहा था. आपने भूखी बच्ची को दूध पिलाया. इसमें आपका क्या क़सूर?"

बाबांनी हात जोडले आणि उठून बाहेर गेले. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी मागे गेले. त्यांचे खांदे हलत होते. "तुझ्या आईने जमवलं असतं गं पोरी," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. आईलाही जमलं नसतं, हे मला माहीत होतं. मी ते म्हटलं नाही.

शस्त्रक्रिया ठीक झाली. ऑपरेशन थिएटरबाहेर बसून राहण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. जे बसलेत त्यांना माहीत आहे, आणि इतरांवर ती वेळ येऊ नये.

रेवा बाहेर आली तेव्हा मी पोटाकडे बघितलंच नाही. तिचा चेहरा बघितला. नाक मोकळं, गाल मोकळे. नाकात नळी घातल्यापासून पहिल्यांदाच मी तिचा अख्खा चेहरा काही न चिकटवलेला इतका वेळ बघत होते. तिला अमोलचं नाक आहे, हे मला तेव्हा दिसलं.

घरी आल्यावर छिद्राभोवतीची कातडी रोज धुवायची, कोरडी ठेवायची, दूध देऊन झालं की नळीतून थोडं पाणी सोडायचं, हे सगळं बसलं हातात. छिद्राच्या कडेला मांस वाढलं, ओलं राहायचं, एकदा लाल झालं तेव्हा रुग्णालयात धावत गेलो. हे होतं, घाबरू नका, पण दाखवायला उशीर करू नका. नळी निघाली तर छिद्र लवकर बुजायला लागतं, तेव्हा काय करायचं हे घरी येण्याआधीच विचारून घ्या. दूध देताना बाळाला कडेवर किंवा मांडीवर घ्या, पाळण्यात ठेवून देऊ नका. हे आम्हाला थेरपिस्टनी सांगितलं आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

मांडीवर कुणी घ्यायचं, असा प्रश्न एका दुपारी आला. मला कामावर परत रुजू व्हायचं होतं. बाबा दारात उभे होते. मी काही न विचारता रेवाला त्यांच्या हातात दिलं आणि सिरिंज पुढे केली. ते घाबरले. दूध थोडं सांडलं. पण त्यांनी सिरिंज वर धरली आणि पातळी उतरताना टक लावून बघत राहिले. रेवाने त्यांच्या शर्टाचं बटण मुठीत पकडलं होतं.

रेवा सहा महिन्यांची झाल्यावर उष्टावणाचा विषय निघाला. मी तो टाळत होते. सोसायटीतल्या एका बाळाचं नुकतंच झालं होतं, चांदीच्या वाटीचे फोटो ग्रुपवर आले होते. ते बघून मी मोबाइल पालथा ठेवला होता. थेरपिस्टना बाबांनीच फोन केला. त्या म्हणाल्या, "चव द्या. घोट नको." बोट बुडवायचं, जवळपास कोरडं होईल इतकं पुसायचं आणि ओठाला लावायचं.

मी तांदळाची खीर केली. बाबांनी बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हटलं. मग करंगळी खिरीत बुडवून रुमालाला पुसली आणि रेवाच्या खालच्या ओठाला टेकवली. तिने तोंड वाकडं केलं. मग जीभ बाहेर काढून ओठ चाटला. पुन्हा चाटला. आणि ती वाट बघत राहिली. आणखी येईल, म्हणून.

आणखी द्यायचं नव्हतं. बाबांनी तिला खांद्यावर घेतलं आणि बाल्कनीत नेलं. उरलेली खीर आम्ही तिघांनी खाल्ली. ती गोड होती की नाही, मला आठवत नाही.

आता रेवा अडीच वर्षांची आहे. ती बसते, चालत नाही. मला हाक मारते, ती हाक आमच्याशिवाय कुणाला कळत नाही. पुन्हा एकदा गिळण्याची तपासणी झाली. रेघेला अजून दोन फाटे फुटतात. डॉक्टर म्हणाले, नळी कदाचित बराच काळ राहील, कदाचित कायम. मी ऐकून घेतलं आणि घरी येऊन कुकर लावला. रडू आलं ते नंतर, भाजी चिरताना. ते जात नाही. ते जाईल असं तुम्हाला कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण पोटावर नळी बसवल्यापासून तिला न्यूमोनिया झालेला नाही, ती वजनाने चांगली भरली आहे, आणि मी जवळ गेले की ती गाल पुढे करते.

बाळ पिताना दमत असेल, घामेजत असेल, पिऊन झाल्यावर छातीत घरघर होत असेल, सारखा कफ होत असेल, तर नवी बाटली मागवण्याआधी डॉक्टरांना गिळण्याबद्दल विचारा. बाटलीची चूक नसते. तुमचीही नसते.

गळ्याला स्टेथोस्कोप लावून ऐकत राहिलेल्या त्या डॉक्टरीण बाईंचं नाव मला त्या गडबडीत विचारायचं राहिलं. त्या आज जिथे असतील तिथे त्यांचे आभार.

बाबा आता अकोल्याला परत गेलेत. रोज दुपारी व्हिडिओ कॉल करतात. "रेवा जेवली का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मला तो टोचायचा. मी म्हणायचे, "फीड झालं, बाबा." रुग्णालयात सगळे तसंच म्हणतात. फीड दिलं, फीड घेतलं. जेवणं वेगळं, असं मला वाटायचं. जेवायला ताट लागतं, घास लागतो.

परवा त्यांचा फोन आला तेव्हा मी आणि रेवा जमिनीवर बसलो होतो. मी माझ्या वरणभाताचा घास घेत होते, दुसऱ्या हातात तिची सिरिंज धरली होती. मला चावताना बघून तीही तोंड हलवत होती. पोट भरत आलं तशी माझ्या मांडीला टेकून पेंगायला लागली.

"जेवली का गं?" बाबांनी विचारलं.

"जेवली, बाबा," मी म्हटलं. "आत्ताच जेवली."